समजा, बाज अडली

मेल्यावर ते कसे दिसतील हे अंबाजोगाईतल्या पुष्कळ लोकांनी त्यांच्या हयातीतच पाहून घेतलं होतं. बाजेवर उताणे, पाय जुळवलेले, डोळे मिटलेले, एक हात छातीवर आणि दुसरा बाजेखाली लोंबता. चौघांनी ती बाज उचलायची, नव्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून जिन्याने खाली आणायची, बाजूच्या मोकळ्या जागेतून रस्त्यापर्यंत न्यायची आणि टेकवायची. मग ते उठून बसत, सदऱ्यावरचा चुना झटकत आणि म्हणत, "निघाली." नाहीतर म्हणत, "अडली. भिंत पाडा."

ते नगरपालिकेच्या बांधकाम विभागात ओव्हरसियर होते. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली की नाही हे पाहून अहवाल द्यायचा, एवढंच त्यांचं काम. त्या अहवालाशिवाय राहायला जाण्याचा दाखला मिळत नसे. मोजायला सरकारने त्यांना टेप दिलेला होता आणि तो कायम त्यांच्या खिशात असे, पण त्यांचा टेपावर विश्वास नव्हता. "टेप कोपऱ्यात वाकतो," ते म्हणत, "बाज वाकत न्हाई."

बाजेचा नियम कुठल्याही पुस्तकात नाही. मी शोधला. शिक्षकांच्या गृहनिर्माण सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून ती सगळी नियमावली मला वाचावी लागली होती. त्यात जिन्याची रुंदी आहे, बाजूला किती फूट मोकळं सोडायचं ते आहे, समोरचा रस्ता किती हवा आणि एका प्लॉटवर किती घरं चालतील तेही आहे. बाज कुठेच नाही. मी एकदा धीर करून तसं त्यांना म्हणालो, तर म्हणाले, "मास्तर, ते पुस्तक भ्यालेल्या माणसांनीच लिवलंय. फकस्त कशाला भ्याले ते लिवायचं ऱ्हाऊन गेलं."

गावाने त्यांचं नाव समजासाहेब ठेवलं होतं, कारण त्यांचं प्रत्येक बोलणं 'समजा'ने सुरू व्हायचं. समजा आग लागली. समजा जिन्यात सिलिंडर अडकला. समजा तिसऱ्या मजल्यावर कुणी गेलं. लोक त्यांची टिंगल करायचे. पानाच्या टपरीवर कुणीतरी हमखास म्हणायचं, "साहेब, समजा पाऊस पडला तर?" तेव्हा ते हसायचे नाहीत. वर आभाळाकडे बघून म्हणायचे, "त्येचा विचार मी करत न्हाई. चांगलं व्हायचं आसलं तर त्याला आपली मदत लागत न्हाई."

चालायचे ते रस्त्याच्या मधोमध, भिंतींपासून लांब. लग्नाला गेले की अक्षता हातात घ्यायच्या आधी मांडवाला किती वाटा आहेत ते मोजून यायचे. कुणाच्या घरी चहा घेतला तर उंबऱ्यात उभे राहून. उंबऱ्यात उभं राहू नये म्हणून बायका कुरकुरायच्या, पण त्यांचा एक पाय बाहेरच असायचा. जेवायला बसले तरी चपला दाराकडे तोंड करून काढलेल्या. पंख्याखाली त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही, आणि आमच्याकडचा उन्हाळा काय असतो हे सांगायला नको.

मी स्वभावाने भित्रा. पोरांना छडी दाखवायचो, पण ती कधी उगारली नाही. त्यामुळे हा माणूस माझ्या वाट्याला आला तेव्हा मला काय वाटलं असेल याची कल्पना करावी. लोक त्यांना हसायचे. मला मात्र त्यांचं म्हणणं पटायचं, आणि पटायचं म्हणूनच मी त्यांना टाळायचो.

आमची सोसायटी बारा जणांची. तोवर गावात ज्याचा त्याचा प्लॉट आणि ज्याचं त्याचं बैठं घर. एकावर एक घरं ही कल्पनाच लोकांना विचित्र वाटायची. कुणाच्या तरी डोक्यावर कुणाचा तरी संडास येणार, असं म्हणून तोंडं वाकडी करायचे. पण बारा जणांना बारा प्लॉट परवडणार नव्हते, म्हणून एकाच प्लॉटवर तीन मजले काढायचं ठरलं. आमचे चेअरमन एक निवृत्त हेडमास्तर होते, त्यांना सगळे गुरुजी म्हणायचे. त्यांना घेऊन मी नगरपालिकेत गेलो. भिंतीवर गावाचा नकाशा होता, राहण्याच्या जागा पिवळ्या रंगात.

"आमची जागा पिवळ्यातच हाय की साहेब," गुरुजी म्हणाले. "मग अडचण कावून?"

"पिवळ्यात हाय. पर ती आखली एका घरासाठी," ते म्हणाले. "एका घरातला माणूस खिडकीतनं उडी टाकून जगतो. बारा घरातले एकाच जिन्यात येतेत आन् एकमेकावर पडून मरतेत. लई फरक हाय."

आमचा नकाशा त्यांनी तीनदा परत केला. समोरचा रस्ता अरुंद म्हणून आम्ही आमच्याच प्लॉटमधली पट्टी रस्त्याला सोडली. जिना रुंद केला, त्यात प्रत्येकाच्या स्वयंपाकघराची हातभर जागा गेली. आणि ज्या बाजूला जिना उघडत होता तिथे त्यांनी दहा फूट मोकळं ठेवायला लावलं. खाली येणाऱ्याला रस्त्यावर जायला तेवढी एकच वाट होती. "दुष्काळात तेरावा महिना म्हणजे हा माणूस," गुरुजी म्हणायचे. दुष्काळ खरोखरच होता. बांधकाम पुरं होईपर्यंत दोन पावसाळे कोरडे गेले होते.

स्लॅब पडत होता तेव्हा ते एकदा आले आणि मला म्हणाले, "तिसऱ्यावर कोण ऱ्हाणार?"

चिठ्ठ्या टाकल्या होत्या, त्यात तिसरा मजला माझ्या वाट्याला आला होता. मी म्हणालो, "मी, बायको आणि आई."

"आईचं वजन किती?"

"म्हणजे?"

"चौघांना पेलंल का, ते ईचारतोय."

मला इतका राग आला की मी तिथून निघून गेलो. घरी आईला सांगितलं. ती घाटनांदूरची, अंगाने भारी, रक्तदाबाची गोळी कधी घ्यायची कधी विसरायची. ती पोट धरून हसली. "त्याला माझी फिकर हाय," म्हणाली. "तुला हाय का?" त्या दिवसापासून तिचा त्यांच्यावर जीव जडला. माझं उलटं झालं. आईच्या खोलीत शिरलो की आधी दाराची रुंदी डोळ्यांत भरायची.

त्यांच्या या भयाबद्दल गावात पुष्कळ गोष्टी होत्या. कुणी म्हणायचं, बायको जळाली. कुणी म्हणायचं, भावाचं प्रेत खिडकीतून दोराने उतरवावं लागलं. एकदा मी विचारलंच, "साहेब, तुमच्या घरी असं कधी काही घडलं होतं का?"

"काईच न्हाई घडलं," ते म्हणाले. "माजी बायको पाटोद्याला हाय, चांगली धट्टीकट्टी. घडून गेल्यावर तर कुणीबी भितं, मास्तर. घडायच्या आधी भ्यायला अक्कल लागती."

दाखला येण्याआधीच आम्ही राहायला गेलो. सगळेच जातात. पाण्यासाठी खाली एक सामाईक हौद बांधला होता, त्यात खाजगी टँकरवाला आठवड्याने पाणी टाकायचा. पहिल्याच महिन्यात वरच्यांना वाटलं, खालचे जास्त उपसतात. खालच्यांना वाटलं, वरच्यांकडे पाहुणे फार. पगारातून सोसायटीचे हप्ते बिनतक्रार भरणारे आम्ही लोक, आमचा सहकार पाण्यापाशी आटला. प्रत्येकाने आपली काळी प्लॅस्टिकची टाकी आणली, तिच्या झाकणाला कडी बसवली, कुलूप लावलं. टाक्या ठेवायला जागा एकच होती. ती बाजूची. दहा फुटांच्या वाटेत भिंतीशी दोन रांगांत बारा टाक्या लागल्या आणि चालायला अडीच फूट उरले. सातव्या टाकीवर माझं नाव होतं.

मग तपासणीची तारीख आली. दाखला नसला तर नळ नाही, आणि नगरपालिकेचा टँकरही नाही. खाजगी टँकरवाला तर आता येईनासाच झाला होता, त्याची विहीर आटली होती. म्हणजे बारा घरांचं पाणी त्या एका माणसाच्या अहवालावर होतं. गुरुजींनी युक्ती काढली. उरलंसुरलं पाणी संपत येईल त्या दिवसाची तारीख मागून घ्यायची, म्हणजे टाक्या रिकाम्या असतील. रिकाम्या टाक्या उचलून शाळेच्या एका खोलीत नेऊन ठेवायच्या. तपासणी झाली की परत आणायच्या. ही गोष्ट कुणालाच गैर वाटली नाही. मला वाटली, पण मी शाळेच्या खोलीची किल्ली आणून दिली.

टाक्या हलवल्यावर खाली जमीन ओली निघाली. तोट्या गळत होत्या. आम्ही त्यावर कोरडा मुरूम पसरला आणि पायाने दाबला.

ते सकाळी दहाला आले, बाज शेजारून मागवली आणि तिसऱ्या मजल्यावर माझ्या दारात ती टाकून तिच्यावर झोपले. नव्या घरातून असं जितं माणूस बाजेवर निघणं बायकांना सहन होईना. पहिल्या मजल्यावरच्या शोभाताईंनी दाराला लिंबू-मिरची बांधली होती. माझी आई तेवढी खुर्ची ओढून बसली होती आणि म्हणत होती, "हळू धरा रे, पाडताल त्याला."

चौघांत मी एक होतो. जिन्यात बाज कुठेच घासली नाही. बाजूच्या जागेत आल्यावर ते डोळे न उघडता म्हणाले, "विसावा." अंत्ययात्रेत अर्ध्या वाटेवर तिरडी खाली टेकवतात आणि खांदेकरी जागा बदलतात, तो विसावा. ती जागा बदलण्यापुरती रुंदी हवीच, असा त्यांचा हट्ट असे. आम्ही बाज टेकवली. त्यांचा लोंबता हात मुरुमावर आला.

बोटं मुरुमात किंचित रुतली आणि थांबली. आम्ही जागा बदलल्या, तरी ते 'उचला' म्हणेनात. मग त्यांनी डोळे उघडले आणि चौघांतल्या नेमकं माझ्याकडे पाहिलं. अंगठ्याने बोटांवरचा काळा चिखल चोळला. आता सगळं संपलं, आईला प्यायला काय द्यायचं, एवढंच मनात आलं.

"उचला," ते म्हणाले.

रस्त्यावर पोचल्यावर उठून बसले. बोटं पायजम्याला पुसली. "निघाली," म्हणाले, पण आवाज नेहमीचा नव्हता. मग माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं की ही बाजू कायम मोकळी राहील आणि त्याचा जिम्मा सेक्रेटरी म्हणून माझा. मी सही केली. दुसऱ्या दिवशी टाक्या परत आल्या आणि तिसऱ्या दिवशी नगरपालिकेचा टँकर.

त्यानंतरचे सात-आठ महिने मी त्यांना तोंड दाखवलं नाही. बाजारात लांबून दिसले की दुसरी गल्ली धरायचो. चोराच्या मनात चांदणं. कधी समोरासमोर आलोच, तर ते जागेबद्दल चकार शब्द काढत नसत. फक्त विचारायचे, "आई कशा हाईत?" घरी येऊन मी आधी आईकडे बघायचो, मग खाली जाऊन टाक्या आणि समोरची भिंत यांच्यामधून चालून बघायचो. टाक्या हलवा असं बाकीच्यांना सांगायचं तर त्यांच्या तोंडचं पाणी काढून घेण्यासारखं होतं. आणि सातवी टाकी माझीच होती.

चैत्रातली दुपार होती. सकाळीच टँकर येऊन गेला होता, बाराही टाक्या काठोकाठ. आई स्वयंपाकघरात कोलमडली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उजवं अंग लुळं. गावात एवढं मोठं सरकारी हॉस्पिटल, दहा मिनिटांच्या अंतरावर. कुणीतरी रिक्षा बोलावली. बाज आली, चौघे आले. जिन्यात कुठेच अडलं नाही. समजासाहेबांनीच रुंद करायला लावलेला जिना तो.

बाजूला आलो आणि बाज अडली.

तिला हातांवर उचलून न्यावं म्हटलं तर अंग लोळागोळा झालेलं. अडीच फुटांत एक पुढे, एक मागे, ती हातांतून निसटली. परत बाजेवर ठेवली. टाकी सरकवायला गेलो, तर भरलेली हजार लिटरची टाकी चार माणसांना हलत नाही. रिकामी करावी लागते. वाटेतली पहिली शोभाताईंची होती. त्यांनी तोटी सोडली आणि पाणी जमिनीवर पडलेलं बघताच त्यांच्या तोंडून निघालं, "थांबा, थांबा, दोन घागरी तरी भरून घिऊ द्या." कुणीतरी घागर दिली. दुसऱ्याने बादली. पाणी भरू लागलं.

मी आता जे सांगणार आहे ते कुणाला सांगितलेलं नाही. मीही एक घागर लावली. आई माझ्यामागे बाजेवर घरघरत होती आणि मी वाकून, पाणी सांडू नये म्हणून घागरीचं तोंड तोटीखाली नीट धरत होतो. सवयच होती ती. दोन वर्षांत हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं.

गुरुजींनी पहार आणली. "सरका बे समदे!" असं म्हातारा ओरडला आणि त्याने एकामागून एक टाक्यांत पहार घातली. माझ्याही टाकीत. आठ दिवसांचं पाणी बाजेच्या पायांतून वाहून गेलं. टाक्या लाथांनी बाजूला सारल्या आणि बाज निघाली.

आई वाचली. वाचा गेली. थोडं आधी आणायला पाहिजे होतं, असं डॉक्टर म्हणाले. ते सगळ्यांनाच तसं म्हणतात, अशी गुरुजींनी माझी समजूत घातली.

आईला घरी आणल्यावर दोन दिवसांनी समजासाहेब आले. नेहमीसारखे उंबऱ्यात उभे राहिले. आता हे बोलणार आणि मला ऐकून घ्यावं लागणार, म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. पण ते आत आले. पंख्याखाली, आईच्या बाजेशेजारी जमिनीवर बसले.

"किती वेळ गेला?"

"दहा-बारा मिनिटं असतील."

त्यांनी आईच्या लुळ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्या दिवशी माज्या बोटाला वल लागलती."

"माहीत आहे मला."

"आसल्या दुष्काळात भुई वली कावून, ते मला कळत न्हाई व्हय? पर दाखला न्हाई दिला आसता तर तुमचा टँकर बंद. बारा घरं कोरडी. मला दया आली, मास्तर." त्यांनी बोटं पायजम्याला पुसली. "भिऊन नौकरी केली तवर माज्या हातनं कुणाचं वाईट झालं न्हाई. एकच डाव दया केली."

आईला सगळं ऐकू येत होतं. तिने डावा हात हळूहळू सरकवला आणि उशाशी ठेवलेला पाण्याचा पेला त्यांच्याकडे ढकलला. घरी आलेल्याला पाणी द्यायचं, एवढं तिला अजून करता येत होतं. ते पाणी पिऊन गेले.

पुढे ते निवृत्त होऊन पाटोद्याला गेले. काही वर्षांनी ते वारल्याचं कळलं तेव्हा मी मुद्दाम पोचलो. बैठं घर, भोवती मोकळं अंगण, दार गाडी जाईल एवढं. तिरडी कुठेही अडली नाही. विसाव्याला टेकवली तेव्हा मी पाहिलं, ते अगदी जिवंतपणी दिसायचे तसेच दिसत होते. त्यांच्यासाठी मी रडलो. आई गेली तेव्हाही तितकं रडलो नसेन.

त्या चैत्रानंतर बरीच वर्षं आमच्या बाजूला टाकी आली नाही. सामाईक हौद पुन्हा चालू झाला. आणि दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी आम्ही बाज फिरवतो. झोपायचं काम माझं. नवी पोरं हसतात, बायका अजूनही लिंबू-मिरची बांधतात. शेवटी सोसायटीच्या वहीत 'बाजू मोकळी आहे' असं लिहिलेलं असतं, त्याखाली मी सही करतो. गुरुजी, शोभाताई, त्या वेळचे बहुतेक लोक आता नाहीत. माझ्याच मजल्यावर नवं बिऱ्हाड आहे, त्यांच्या सुनेला नववा महिना लागलाय. जिना उतरताना ती कठड्याला धरून थांबते.

यंदा पाऊस झाला नाही. दोन महिने मी गावात नव्हतो, बाज फिरवायच्या आदल्या रात्रीच परतलो. परवा चौघांनी मला खाली आणलं. जिन्यात बाज घासली नाही. बाजूच्या जागेत आलो तेव्हा मी डोळे मिटूनच म्हणालो, "विसावा." बाज टेकली. माझा लोंबता हात मुरुमावर आला. नवा, कोरडा, आदल्याच दिवशी टाकलेला मुरूम. बोटं जराशी आत गेली आणि त्यांना गार ओल लागली.

मी पडून राहिलो. यांना तरी पाणी कुठून मिळणार, असं मनात आलं. तान्हं येणाऱ्या घराला पाणी नको का? नव्या सेक्रेटरी बाई वही उघडून, पेनाचं टोपण काढून उभ्या होत्या. "काका, फकस्त सही तेवढी," त्या म्हणाल्या. मी डोळे उघडले. त्या माझ्या बोटांकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा मी ओळखला. तो एके काळी माझा होता.

मी तिथेच बाजेवर उठून बसलो. विसाव्याला मढं उठून बसावं तसे चौघे दचकून मागे सरले.

"समजा," मी म्हणालो.